खिळे जुळवणारीचे नाव

मराठी मुद्रणाच्या इतिहासावर बोलणाऱ्या विद्वानांचे एक वाक्य ठरलेले असते. अमेरिकन मिशनचे टॉमस ग्रॅहॅम, गणपत कृष्णाजी, जावजी दादाजी, राणूजी आरू ही नामावळी यथासांग म्हणून झाली, बापूराव नाईक आणि र. कृ. जोशी ह्यांच्या कार्यास वंदन झाले, म्हणजे वक्ते क्षणभर थांबतात, समोर चार बायका बसलेल्या असतील तर त्यांच्याकडे पाहतात आणि किंचित खेदाने म्हणतात, "ह्या क्षेत्रात स्त्रिया मात्र फारशा आढळत नाहीत." हे वाक्य मी पुण्यात ऐकले आहे, नारायणगावी ऐकले आहे, आणि निम्मे आयुष्य प्रुफे तपासण्यात गेले असल्यामुळे त्यातले ऱ्हस्वदीर्घही अनेकदा दुरुस्त केले आहेत. वाक्य दुरुस्त करण्याचा अधिकार प्रुफे तपासणाऱ्याला नसतो. तो आज मी घेणार आहे.

आढळत नाहीत, हे खरे. पण का आढळत नाहीत? शोधणाऱ्याच्या हातात दोन मापे आहेत म्हणून. पुरुषाला मोजायचे माप वेगळे, बाईला मोजायचे वेगळे. हा नुसता आरोप नाही. मी तो सिद्ध करून दाखवते. त्यासाठी फार लांब जायलाही नको. मी आंबेगाव तालुक्यातली. शेजारच्या जुन्नर तालुक्यातूनच सुरुवात करता येते.

जुन्नरहून घाटघरच्या वाटेने पश्चिमेला गेले की सह्याद्रीची धार एके जागी तुटते. तो नाणेघाट. खाली कोकण आणि कल्याण-सोपाऱ्याची जुनी बंदरे, वर जुन्नर आणि पुढे पैठणची वाट. माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण, आणि घाटाच्या तोंडाशी एक चौकोनी लेणे. पावसाळ्यात येथे वर उडणारे पाणी पाहायला मोटारींची रीघ लागते. पाणी पाहून, भजी खाऊन मंडळी परततात; लेण्याच्या भिंती वाचायला थांबणारा विरळा. ह्या भिंतींवर डाव्या-उजव्या हातांस मिळून वीस ओळींचा ब्राह्मी लेख आहे. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. समोरच्या भिंतीत सातवाहन राजकुळातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, पण त्यांच्या डोक्यावर कोरलेली नावे वाचता येतात. त्यांत राणी नागनिकेचे नाव आहे, आणि राजा सातकर्णीच्या नावाबरोबर ते येते तेव्हा राणीचे नाव आधी आणि राजाचे नंतर आहे.

मोठा लेख ह्याच राणीचा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. केलेले यज्ञ आणि दिलेल्या दक्षिणा त्यात मोजून लिहिल्या आहेत: अकरा हजार गायी, एक हजार घोडे, चोवीस हजार चारशे कार्षापण. दानाचे लेख आपल्याकडे पुष्कळ आहेत. ह्या लेखाचे अपूर्व म्हणजे त्याचे आकडे. विल्यम साइक्स १८२८ च्या सुमारास येथे येऊन गेला. पुढे १८७६ च्या सुमारास भगवानलाल इंद्रजींनी ह्या अंकांचा उलगडा केला, आणि भारतीय अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या मोठ्या साठ्यांपैकी एक म्हणून नाणेघाटाचे नाव जगभर झाले. त्या अंकांत शून्य नाही, स्थानमूल्य नाही. दहाला, शंभराला, हजाराला स्वतंत्र चिन्हे आहेत. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडायचे. चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चार जोडायचे. म्हणजे आपण जशी जोडाक्षरे लिहितो तसे ते जोडअंक आहेत. चोवीस हजार चारशे हा आकडा तीन जोडचिन्हांत बसवला आहे. कातळावर, ओळीत, अक्षरांच्या उंचीला धरून. ज्याला अक्षरांची मांडणी म्हणतात ती हीच, मग ती शिशाची असो की बसाल्टाची.

एवढे सांगितले की समोरून उत्तर ठरलेले: "अहो, पण राणीने थोडीच छिन्नी हातात धरली होती? कोरणारा कारागीर वेगळा. अक्षरांचे श्रेय राणीला कसे देता?"

मुद्दा बिनतोड वाटतो. पण मग अशोकाने तरी छिन्नी धरली होती काय? कर्नाटकातल्या ब्रह्मगिरीच्या लेखाखाली चपड नावाच्या लिपिकाने स्वतःचे नाव लिहून ठेवले आहे, इतका तेथे कारागीर उघड आहे; तरी शाळेतल्या पोरापासून पुराणवस्तू खात्यापर्यंत सगळे 'अशोकाचे लेख' आणि 'अशोकाची ब्राह्मी' म्हणतात. तेव्हा चपडाची कुणाला आठवण होत नाही. नागनिकेचे नाव घेतले की मात्र कारागिराचा कळवळा येतो. अलीकडचे उदाहरण घ्या. जावजी दादाजींनी १८६४ साली टाइपाचा कारखाना काढला आणि निर्णयसागरच्या अक्षरांनी मराठी-संस्कृत छपाईचा चेहरा बदलला. जावजी स्वतः छापखान्यातल्या कामापासून वर चढलेले, टाइपाची जाण असलेले गृहस्थ. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण पोलादावर अक्षरे कोरणारा हात राणूजी आरूंचा. आपला इतिहास काय करतो? जावजींनाही श्रेय देतो आणि राणूजींनाही. मालकाला करवून घेतल्याबद्दल, कारागिराला केल्याबद्दल. हे योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच, की हा न्याय बाईपाशी येऊन का थांबतो? बाईने करवून घेतले तर म्हणता, केले दुसऱ्याने. आणि बाईने स्वतः केले तर? तर म्हणता, करवून घेतले दुसऱ्याने. दोन्हीकडून दार बंद, आणि वर खेद की आत कुणी बाई दिसत नाही!

बाईने स्वतः केल्याचे उदाहरण आमच्याच पुणे जिल्ह्यात आहे. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचा छापखाना होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलाचे मराठी भाषांतर केले. १९२२ च्या एप्रिलात त्या वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल आपल्याकडे शंभर वर्षे कडाक्याचे वाद झाले; त्यांत मला येथे पडायचे नाही. माझे लक्ष आहे त्या ग्रंथाच्या खिळ्यांकडे. ते खिळे मुक्तीतल्या बायकांनी आणि मुलींनी जुळवले, फर्मे त्यांनी छापले. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मुली रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि गुजराथेतून आणल्या होत्या. पुष्कळजणींची मायबोली मराठी नव्हती आणि अक्षरओळख तर नव्हतीच. अशा मुलींचे घर असलेल्या आश्रमात एक अवाढव्य मराठी ग्रंथ उभा राहिला.

हे काम काय होते, हे ज्यांनी छापखाना पाहिला नाही त्यांना आता सांगावे लागते. इंग्रजीला दीडशेच्या आत खिळ्यांत भागते. देवनागरीला कित्येक शे खाने लागतात. ही संख्या कमी करण्यासाठी लोकमान्यांसारख्या माणसाने डोके शिणवले, लिपिसुधारणेच्या परिषदा भरल्या, १९५३ साली लखनौला वेलांटीचीच उलथापालथ करून पाहिली गेली. अखंड टाइपात अक्षर आणि त्याची मात्रा एकाच खिळ्यावर असते. डिग्री टाइपात तसे नाही. तेथे डोळ्याला दिसणारी एक ओळ हातांना तीन ओळींनी जुळवावी लागते: मधली अक्षरांची, वरची मात्रा, वेलांट्या, रफार आणि अनुस्वारांची, खालची उकारांची. जेथे वर किंवा खाली काहीच नाही तेथे त्या मापाचा कोरा तुकडा घालायचा. म्हणजे जुळारी अक्षर जितके जुळवतो तितकीच रिकामी जागाही जुळवतो. 'र्की' सारख्या अक्षरावर रफार आणि वेलांटी एकमेकींना ढकलतात. तेथे केसाइतके अंतर कमीजास्त करायचे ते नजरेने. आणि हे सगळे उलटे, आरशातल्यासारखे वाचत. हा निर्णय लेखक घेत नाही, मालक घेत नाही; स्टिक ज्याच्या हातात आहे तो घेतो. ही अक्षररचना नव्हे तर काय? तरुणपणी पुण्यातल्या एका छापखान्यात मी प्रुफे वाचायला जात असे. तेथे एक बाई नियमाने दोन गॅल्या जुळवीत आणि त्यांच्या गॅलीत मला चुका शोधाव्या लागत. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे 'घडीकाम' लिहिलेले होते. जुळारी म्हटले असते तर पगार वाढवावा लागला असता. अशा हजेरीपटांवरून उद्या कुणी प्रबंध लिहिला तर त्यातही हेच वाक्य येणार: स्त्रिया आढळत नाहीत.

बाहेरच्या देशांत फार निराळे होते असे समजू नये. इंग्लंडात सॅल्फर्ड्सला मोनोटाइपचा मोठा कारखाना होता. तेथल्या रेखनविभागात विसाव्या शतकाच्या आरंभापासून मुली कामाला होत्या. बाहेरच्या नामवंत कलावंताने आराखडा पाठवायचा. त्याचे प्रत्येक अक्षर दहा इंच उंचीचे करून, जाडी मोजून, यंत्राच्या मापात बसवून ह्या मुलींनी काढायचे. मग त्यावरून तांब्याचा नमुना, त्यावरून पंच. आराखड्यातली लकब ठेवायची आणि वेडेपणा काढून टाकायचा, हा निर्णय त्यांच्या पेन्सिलीत होता. अक्षराला नाव मिळाले ते आराखडा पाठवणाऱ्याचे. बिएट्रिस वॉर्ड ह्या बाईने १९२६ मध्ये गॅरामंड म्हणून मिरवणाऱ्या टाइपांचे मूळ दुसऱ्याच कोरक्याकडे, जाँ जानों ह्याच्याकडे जाते हे दाखवून दिले, तो निबंध तिने पॉल बोजाँ ह्या पुरुषी नावाने छापला. निबंध गाजला, 'बोजाँसाहेबांना' नोकरी देऊ केली गेली आणि दारात बाई उभी! अक्षरांच्या खोट्या बापाचा पत्ता लावणारीला स्वतःचे नाव लपवावे लागावे, ह्याहून कडवट विनोद मला ठाऊक नाही.

आपल्या लिप्यांचेही तसेच झाले. लायनोटाइप कंपनीत १९७८ पासून फिओना रॉस ह्यांच्या हाताखाली रोमनेतर लिप्यांचे काम चाले, आणि तेथली रेखन करणारी मंडळी प्रामुख्याने स्त्रिया होत्या. कोलकात्याच्या आनंदबाजार पत्रिकेचे बंगाली अक्षर रॉस आणि टिम हॉलोवे ह्यांनी सिद्ध केले. पुढे मूर्ती ग्रंथमालेतली २०१५ पासूनची नागरी पाने ज्या अक्षरात छापली गेली, त्यातही रॉसबाईंचा हात आहे. ह्याच बाईंनी २०१८ पासून रीडिंग विद्यापीठात एक संशोधन चालवले: १९१० ते १९९० ह्या काळातल्या रेखनविभागांतल्या स्त्रियांची नावे, चित्रे, पगारपत्रके, पत्रव्यवहार शोधून काढायचा. शोधले आणि सापडल्या. सापडल्या त्या कुठे? कंपन्यांच्याच कपाटांत. कागद होतेच, कुणी उघडले नव्हते.

येथे एक गोड शत्रू आहे, त्याच्याशीही दोन हात केले पाहिजेत. तो म्हणतो, "स्त्रियांचा हात मुळातच हलका, नजर बारीक, रांगोळी काढणाऱ्या हातांना अक्षर जन्मजात साधते." हे कौतुक ऐकून पुष्कळ भगिनी सुखावतात. मी सुखावत नाही. रांगोळी मला आवडते. पण रांगोळीचा ठिपका आणि 'क'चे पोट ह्यांचा संबंध जन्माने लागत नाही, पंधरा वर्षे पोटे काढून लागतो. जे जन्मजात, त्याला शिक्षण कशाला, पगार कशाला आणि नाव तरी कशाला? निसर्गाचे श्रेय निसर्गाला. कारखानदारांनी हेच कौतुक करून बायकांना स्वस्तात घेतले. पुरुषाने बारीक काम केले की ते कसब ठरते, बाईने केले की स्वभाव!

आता तर सबबही उरली नाही. खिळे गेले, रेखनविभाग गेले. संगणकावरच्या अक्षराबरोबर रचनाकाराचे नाव लिहिलेले असते. मुंबईच्या 'एक टाइप' ह्या संस्थेचे 'मोदक' घ्या: सारंग कुलकर्णींबरोबर मैथिली शिंगरे ह्यांनी त्याची देवनागरी केली आणि रोमन नूपुर दाते ह्यांनी. 'बालू' मालिकेतले गुजराती अक्षर दाते आणि सुप्रिया टेंबे ह्यांचे, कन्नड दिव्या कौशिक ह्यांचे. 'कलम' हे हस्ताक्षरी वळणाचे अक्षर लिपी रावळ आणि जॉनी पिनहॉर्न ह्यांचे. किम्या गांधी, पूजा सक्सेना ह्यांनी देवनागरीत स्वतंत्र काम केले आहे. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरलेले 'यात्रा' कॅथरीन ली श्मिट ह्या परदेशी बाईने केले. ज्या पाट्यांखालून आपण जन्मभर गाडी पकडली, त्यांच्याकडे मान वर करून तिने पाहिले.

ह्या सगळ्यांची आरती करावी असे माझे म्हणणे नाही. 'मोदक' इतके गुबगुबीत आहे की अक्षराच्या आतली पोकळी रेघेइतकी उरते. त्या जाडीत मात्रा आणि जोडाक्षरे बसवणे हे मोठे कसब, पण त्यात कुणी परिच्छेद छापला तर वाचकाने दावा लावावा. 'यात्रा' तीन शब्दांच्या मथळ्याला शोभते, दहाव्या शब्दाला डोळा थकतो. काम तपासा, नावे ठेवा, अवश्य ठेवा. पण नावे ठेवण्यासाठी आधी नाव ठाऊक असावे लागते.

आणि आमच्या गावांकडे पाहा. घोडेगाव, मंचर, ओतूर, जुन्नर, नारायणगाव, कुठल्याही बाजारपेठेत डी.टी.पी.च्या दुकानात शिरा; संगणकापुढे बहुधा एखादी मुलगी असते. पतसंस्थेचा अहवाल, दशक्रियेची पत्रिका, बैलगाडा शर्यतीचे फ्लेक्स, सगळे तिच्या बोटांखालून जाते. लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.' एका ओळीच्या शेवटी आणि वधूचे नाव पुढच्या ओळीत असे होऊ द्यायचे नाही, हे तिला कुणी शिकवलेले नसते. निमंत्रकांच्या चाळीस नावांत कोणत्या चुलत्याचे अक्षर अर्ध्या पॉइंटाने लहान झाले तर भावकीत काय होईल, ह्याचा अंदाज तिला सरपंचापेक्षा चांगला असतो. मालक गल्ल्यावर बसलेला असतो. पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत दुकानाचे नाव असते, मालकाचा मोबाइल असतो. तिचे नाव नसते.

नाव छापायला जागा नसते, असे मला सांगू नका. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. तेथल्या फडांच्या जाहिरातींवर विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव मोठ्यात मोठ्या अक्षरांत लागे, कारण त्या नावावर तिकिटे खपत. बाईचे नाव ठळक छापल्याने त्या वेळी कुणाची संस्कृती बुडाली नाही. गल्ला जमत असला की जागा होते.

नाव लिहून ठेवल्याने काय होते, असा प्रश्न मला विचारतात. माझ्या तालुक्याचे नाव आंबेगाव. ज्या गावावरून हे नाव पडले ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कचेरी पूर्वीपासून घोडेगावी. देवळे गेली, वाडे गेले, शेते गेली. सातबाऱ्यावर आणि एस.टी.च्या पाटीवर चार अक्षरे राहिली, म्हणून आजच्या पोराला येथे असे एक गाव होते हे निदान विचारता तरी येते. हजेरीपटावर 'घडीकाम' म्हणून बुडालेल्या बाईविषयी विचारायला तेवढीही पाटी नाही.

माझी मागणी लहान आहे आणि खर्चाची मुळीच नाही. १८६७ च्या कायद्याने पुस्तकावर आणि नियतकालिकावर मुद्रकाचे नि प्रकाशकाचे नाव घालणे भाग केले, ते सरकारला पकडायला माणूस हवा म्हणून. जुळाऱ्याचे नाव कायद्याने मागितले नाही. पण घालू नका असेही म्हटले नाही. दिवाळी अंकवाल्यांनी तळटिपेच्या त्या ओळीत दोन नावे वाढवावीत: मजकूर कोणत्या अक्षरात छापला आणि ते कुणी घडवले, हे एक, पाने कुणी लावली, हे दुसरे. तेथे पुरुष असेल तर पुरुषाचे घाला; त्यालाही आजवर कुणी विचारलेले नाही. मराठी मुद्रणावर प्रबंध लिहिणाऱ्यांनी जुन्या छापखान्यांचे हजेरीपट रद्दीत जाण्यापूर्वी उघडावेत आणि 'मदतनीस', 'घडीकाम', 'इतर' ह्या रकान्यांखालची नावे उतरून घ्यावीत. त्या बायकांपैकी काहीजणी अजून आहेत. त्यांना स्टिक कशी धरायची हे दाखवायला सांगावे, आणि मग कोण आढळते नि कोण आढळत नाही ते लिहावे.

प्रस्तुत अंकाच्या संपादकांना मी हे कळवले आहे. त्यांचे उत्तर आले की कल्पना स्तुत्य आहे, पुढच्या वर्षी पाहू. ह्या लेखाची प्रुफे तपासायला माझ्याकडेच येणार आहेत, आणि ज्या मुलीने ही पाने लावली तिचा दूरध्वनी क्रमांक मी मागून घेतला आहे.